मंगळवारची ग्रामसभा

मंगळवारी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा कोर, म्हणजे आतला गाभा, पर्यटकांना बंद असतो. आमचे गाव बघायचे असेल तर त्या दिवशी यावे. सकाळी सातच्या सुमारास हातपंपाजवळ ओळीने सफारीच्या जिप्स्या उभ्या असतात. पोरे बादलीने चाकांतला लाल मुरूम धुत असतात, एखादा मागच्या सीटचे फाटलेले रेक्झिन शिवून आणायला चिमूरला निघालेला असतो. किराण्याची उधारी मंगळवारी फिटते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात मंगळवारी नेतात, सोयरीक बघायला पाहुणे मंगळवारी बोलावतात. मागच्या वैशाखात शेजारच्या घरी लग्नाची तारीख धरायची होती, तर मुलीच्या बापाने पंचांग उघडणाऱ्याला पहिलाच प्रश्न केला, "मंगळवार जमते का जी?" दुसरा कुठला दिवस धरला तर पंगतीत वाढायला गावात पोरेच मिळत नाहीत. बाकीचे सहा दिवस पहाटे चारलाच गाव निम्मे रिकामे होते.

मी धान लावणारा माणूस. चिमूर तालुक्यात, बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, आमची साडेचार एकर जमीन आहे. पुतण्या जिप्सी चालवतो, चुलत बहिणीची सून एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आहे. म्हणजे जे लिहितो आहे ते घरातलेच आहे. आमच्याकडे आता "पोरगा काय करते?" असे विचारले की एकच उत्तर येते, "गेटवर आहे जी." गेट म्हणजे सफारीच्या गाड्या जंगलात शिरतात ते. गाइड असो, जिप्सीचालक असो, रिसॉर्टातल्या चादरी बदलणारा असो, होमस्टेवाला असो की पार्किंगमध्ये टोप्या विकणारा असो, सगळे गेटवर. याच जिल्ह्यात एके काळी लोक "वेकोलित आहे", म्हणजे कोळसा खाणीच्या कंपनीत, "पेपरमिलात आहे" असे सांगत. मालकाचे नाव सांगायची ती रीत होती. आता कागदोपत्री या सगळ्यांचे मालक वेगळे आहेत, कुणी स्वतःच स्वतःचा मालक आहे. पण सकाळी गेटचा तो आडवा दांडा वर गेला नाही, तर त्यातल्या एकाच्याही घरी संध्याकाळचा बाजार येत नाही. आमच्या पट्ट्यात मालक एकच आहे आणि तो गेट आहे.

माझे म्हणणे असे आहे की गेटने आम्हाला रोजी दिली हे खरे, पण त्या रोजीपायी गाव आपला आवाज आणि आपली जमीन गेटकडे गहाण टाकत चालले आहे. तो गहाण सोडवायचा तर गेटचा पैसा मजुरी आणि टिपेच्या रूपाने एकेकाच्या खिशात येऊन भागणार नाही. तो ग्रामसभेचा हक्काचा वाटा म्हणून आला पाहिजे, आणि धानात, तळ्यात, बांबू-मोहात मुरला पाहिजे.

पर्यटन बंद करा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या पोटात कोळसा आहे, आणि कोळशापुढे जंगलाचे काय होते ते दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींच्या बाजूने येणाऱ्याला रस्त्यावरूनच दिसते. २००९ मध्ये लोहाऱ्याच्या कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरकर उभे राहिले, उपोषणे झाली, आणि ती खाण थांबली. त्या लढ्यात आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार वाघ होता. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. पण वाघाला बघायला लोक पैसे मोजून येतात ही गोष्ट मंत्रालयाला समजली तेव्हापासून या जंगलाला खरे वजन आले. आमच्या बाया गाइड झाल्या. दहावी होऊन घरी बसलेल्या, लग्नाची वाट बघणाऱ्या पोरी आज खाकी घालून सहा परक्या माणसांना "उजवीकडे बघा, चितळाचा कॉल आहे" असे खणखणीत सांगतात. ज्या घरात मी हे बदललेले पाहिले आहे, त्या घरातल्या आईला जाऊन कुणी सांगावे की पर्यटन वाईट. मी सांगू शकत नाही.

शिवाय हे जंगल आमचे आधीपासूनचे आहे, ते आम्हाला पर्यटनाने दाखवलेले नाही. ताडोबा हे नावच तारूचे. वाघाशी झुंजताना पडलेला तो गावप्रमुख, गोंडांनी त्याला देव मानले, तळ्याच्या काठी त्याचे ठाणे केले आणि पौषात तिथे जत्रा भरत आली. वाघाशी नाते कसे असते हे आमच्या बापजाद्यांनी त्या एका ठाण्यात सांगून ठेवले आहे. भीती आहे, झुंज आहे, मरण आहे आणि तरी हात जोडलेले आहेत. कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे याच वाघासाठी जंगलातून उठली. ज्यांनी घराची चौकट उखडून ट्रॅक्टरवर टाकली, त्यांचा या गेटच्या एकेका रुपयावर पहिला हक्क आहे असे मी मानतो. आज त्यांच्यातले कितीतरी जण गेटवर फेरीचा नंबर लागायची वाट बघत उभे असतात, आणि ते दृश्य मला बघवत नाही.

आता हा मालक किती भरवशाचा, ते पाहू.

२४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन थांबवले. याचिका भोपाळची, आदेश दिल्लीचा. १६ ऑक्टोबरला ती बंदी उठली, नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. तेव्हा गेटवर जगणारे कमी होते, पावसाळाही होता, म्हणून धग कमी लागली. पण पहिल्यांदा कळले की आपली चूल कुणाच्या तरी एका सहीवर आहे. मग मार्च २०२० आला.

माझ्या पुतण्याने त्याच्या आदल्या दिवाळीत सेकंडहँड जिप्सी घेतली होती. मारुतीने ती गाडी काढणे बंद केल्यापासून जुन्या गाडीचाही भाव चढला होता. कर्ज काढले, थोडे सासऱ्याकडून आणले. पाच महिने गाडी चांगली चालली. घरात फ्रिज आला, त्याच्या मुलीचे नाव चिमूरच्या इंग्रजी शाळेत घातले. मग गेट बंद झाले. गाडी आंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. हप्ते लांबले. ऑक्टोबरात कोर उघडला तेव्हा त्याने उसनवारी करून बॅटरी बदलली, गाडी रस्त्यावर आणली. आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये, ऐन उन्हाळ्याच्या कमाईच्या दिवसांत, दुसरी लाट आली आणि गेट पुन्हा बंद. आमच्याकडे वर्षाची कमाई उन्हाळ्यातच होते. पाणवठे आटलेले असतात, पानगळ झालेली असते, वाघ दिसतो. त्याच दोन महिन्यांत घर बसले.

त्या मे महिन्यात पुतण्याने बैलजोडी विकली. जिप्सीचे थकलेले हप्ते भरायला. माझ्या भावाने, म्हणजे त्याच्या बापाने, ते बैल वासरे असताना आणले होते. बाजाराच्या दिवशी सकाळी भावजयीने त्यांच्या कपाळाला कुंकू लावले, पुरणाची पोळी खाऊ घातली, जशी पोळ्याला घालतात तशी, आणि घरात जाऊन दार लावून घेतले. बैल गेले, म्हणून त्या वर्षी त्यांची जमीन मक्त्याने दिली. ती आजतागायत मक्त्यानेच आहे. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच खुपते. गेट बंद पडले तेव्हा गेटवरच्या माणसाने शेतीचा आधार घ्यायला हवा होता. झाले उलटे, गेट टिकवायला त्याने शेती मोडली. हे एका घराचे नाही. आमच्या आळीत मोजली तर अशी चार घरे आहेत.

२०२३ च्या ऑगस्टात ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या एजन्सीने सुमारे १२ कोटी रुपये भरलेच नाहीत अशी तक्रार खुद्द वनविभागाने पोलिसांत दिली. त्या रकमेतला एक पैसाही आमच्या पोरांनी पाहिलेला नव्हता. पण बुकिंगची व्यवस्था कोलमडली, तशी गेटवरच्यांच्या पोटात गोळा आला. पर्यटक कुठून येतो, किती पैसे भरतो, ते कुठे जातात, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात पडतात, यातले काहीही गावाला दिसत नाही. त्याच वर्षी माया दिसेनाशी झाली. देशभरातले लोक जिच्यासाठी कोलारा-मोहर्लीच्या गेटांचे बुकिंग करत ती वाघीण. नोव्हेंबरात जंगलात सापडलेले अवशेष तिचेच असल्याचे डीएनए चाचणीने ठरले. घरचे माणूस गेल्यासारखे लोक तिच्यासाठी हळहळले, मीही हळहळलो. आणि मनात आले, बारा-पंधरा वर्षांचे आयुष्य असलेल्या एका जनावराच्या नावावर आपण पोरांचे संसार उभे करतो आहोत.

एकखांबी तंबू म्हणतात तो हाच. नागपूरने तो एम्प्रेस मिलच्या रूपाने पाहिला. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरांची घड्याळे लागत होती. गिरणी गेली तेव्हा त्या माणसांच्या हातात दुसरे काही नव्हते, कारण शंभर वर्षांत दुसरे काही शिकायची गरजच पडली नव्हती. आमच्या हातात अजून आहे. धान आहे, तळे आहे, मोह आहे. म्हणूनच आत्ता बोलायचे. पुढच्या पिढीला धानाची रोवणी येणार नाही, तेव्हा बोलून उपयोग नाही.

यातला हिशेब साधा आहे, पण पोरे तो ऐकत नाहीत. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली. ती ठरलेलीच असली पाहिजे, नाही तर वाघ राहणार नाही. म्हणजे गेटवरचे काम वाढत नाही. गावात जिप्स्या वाढल्या की फेऱ्या वाढत नाहीत, फक्त नंबर लांबतो. पूर्वी ज्याचा नंबर दिवसाआड लागायचा त्याला आता वाट बघावी लागते. आणि दरवर्षी दोन-चार पोरे बारावी होऊन त्याच रांगेत येऊन उभी राहतात. बफरमध्ये नवी गेटे उघडली, त्याने थोडी उसंत मिळाली. पण बफरलाही अंत आहे. तिथेही जनावर आहे, तिथेच आमची गुरे चरतात, तिथेच आमच्या बाया सरपणाला जातात.

पैशाची गोष्ट इथवर. आवाज कसा जातो, तेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या आणि शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांची बैठक झाली. विषय विजेचा होता. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर माणसाने रात्री अकरा-बाराला बॅटरी घेऊन शेतात जायचे. वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या शेतात. त्याच महिन्यात एका बांधावर पंजाचे ठसे सगळ्यांनी पाहिले होते. ठरले की दिवसा वीज मिळावी म्हणून गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दिवस रास्ता रोको करायचा, म्हणजे वरपर्यंत आवाज जाईल. वयस्क लोकांनी हात वर केले. मागे बसलेली तरणी पोरे मात्र गप्प. मग त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, रस्ता नका अडवू जी. नाव आले तर आमचा नंबर कटते." कुणी त्यांना धमकावले नव्हते. कुठल्या साहेबाने फोन केला नव्हता. त्यांनी स्वतःच आधी विचार करून ठेवला होता. बैठक तिथेच मोडली. त्या हिवाळ्यात आम्ही रात्रीच पाणी दिले, चार-चार जण मिळून, डबे वाजवत.

तो पोरगा भेकड नाही. मीच त्याला लहानपणी तळ्यात पोहायला शिकवले आहे, त्याची छाती मला ठाऊक आहे. पण ज्याची सगळी मिळकत एका दांड्याखालून येते, त्याला त्या दांड्यासमोर उभे राहता येत नाही. उद्या गावाची जमीन चुकीच्या कामाला गेली, तळ्याचे पाणी कुणी वळवले, बफरमध्ये कुणी भिंत घातली, तर बोलणार कोण? लोहाऱ्याच्या वेळी लोक बोलू शकले, कारण त्यांची भाकरी त्या खाणीवरही नव्हती आणि गेटवरही नव्हती.

गोठणगावची गोष्ट सगळ्यांनी व्हिडिओत पाहिली. ३१ डिसेंबर २०२४, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांनी त्यांना घेरलेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. कारवाई योग्यच होती, वाघिणीची वाट अडवणे हा गुन्हा आहे. पण त्या दिवशी चालकाच्या मागे बसलेल्या सहा माणसांनी काय म्हटले असेल ते मला पुतण्याच्या तोंडून रोज ऐकायला मिळते. "भैया, थोडा और आगे लो." "इतने दूर से आये हैं, टायगर नहीं दिखा तो?" टीप साइटिंगवर असते. पुढच्या वेळी ते पर्यटक त्यालाच फोन करतील की दुसऱ्याला, तेही साइटिंगवरच. आणि ज्याची टीप गेली तर हप्ता चुकतो, त्याच्याकडून आपण जंगलाचे नियम पाळायची अपेक्षा करतो. घरी धानाची चार पोती असलेला गाइड "गाडी पुढे जाणार नाही साहेब" हे जितक्या ठामपणे म्हणू शकतो, तितक्या ठामपणे हप्त्यात बुडालेला म्हणू शकत नाही. जंगल वाचवायचे असेल तर गाइडच्या कणगीत धान असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

याहून मोठा अन्याय गेट नसलेल्या गावांवर होतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले, त्यातले ९७ एकट्या ताडोबा-अंधारीत. पण वाघ गेट बघून राहत नाही. तो सिंदेवाहीत आहे, ब्रह्मपुरीत आहे, मूलमध्ये आहे, सावलीत आहे. तिथल्या बहुतेक गावांत सफारी नाही, रिसॉर्ट नाही, गाइडचा नंबर नाही. त्या गावांत फक्त वाघ आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम म्हणजे पंधरा-वीस दिवस. पहाटे अंधारात निघायचे, वाकून पाने खुडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि बियाण्याचा पैसा त्यातच असतो. वाकलेली बाई वाघाला माणूस दिसत नाही, असे जाणकार सांगतात. सरकार मृत्यूमागे २५ लाख देते. तो पैसा आवश्यक आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण कोलाऱ्याच्या गेटवर जो वाघ कमाई देतो, त्याच कुळातला वाघ तिथे बाई नेतो, आणि त्या कमाईतला रुपया त्या गावात पोचत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायी सर्वेक्षण करताना माया वाघिणीने ज्या महिला वनरक्षकाचा जीव घेतला, तीही शासनाच्या लेखी कर्मचारी असली तरी आमच्यासारख्याच घरातली लेक होती. वाघ जगवण्याची किंमत सगळा पट्टा देतो. फायदा रस्त्याच्या एका फाट्यावर साचतो.

आता जमीन. गेटच्या रस्त्याला लागून ज्यांची शेते होती, त्यांना दहा-पंधरा वर्षांत असा भाव आला की नाही म्हणणे अवघड होते. पोरीचे लग्न, बापाचे आजारपण, डोक्यावरचे कर्ज. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने तीन एकर विकली. आलेला पैसा घरात, गाडीत आणि नातेवाइकांत सहा वर्षांत संपला. त्याच तीन एकरांवर आता तरणतलाव आहे, आणि त्याच तीन एकरांच्या फाटकावर त्याचा मोठा मुलगा रात्रपाळीचा चौकीदार आहे. ज्या बांधीत त्याच्या आजीने रोवणी केली तिथे आत जायला त्याला ओळखपत्र लागते. विकायच्या ऐवजी भाडेपट्ट्याने द्या, ग्रामसभेसमोर करार करा, पंचवीस वर्षांनी जमीन परत येईल, हे त्याला त्या वेळी सांगणारे कुणी नव्हते. आजही कुणी सांगत नाही. जमिनीचे दलाल मात्र रोज येतात.

"शेतीत काय ठेवलं आहे काका?" हा प्रश्न मला पुतण्याच करतो, आणि त्याला उडवून लावणे मला पटत नाही. रानडुकरे एका रात्रीत बांधी उलथून टाकतात. जागलीला जायची आता हिंमत होत नाही. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव गाळाने भरले आहेत, पाळी फुटल्या आहेत. मालगुजारीच्या काळातली ही तळी, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हजारोंनी आहेत, आणि अर्ध्या पूर्व विदर्भाचा धान त्यांच्यावर उभा राहिला. त्यांची देखभाल सरकारकडे गेली आणि गावाचा हात सुटला. म्हणजे शेतीत काही ठेवले नाही हे खरे आहे. पण ते का ठेवले नाही, याची यादी केली तर त्यातली निम्मी कारणे वाघाच्या जंगलाशी जोडलेली आहेत, आणि त्यांच्यावरचा इलाज गेटच्या पैशाने होऊ शकतो. सौर कुंपण, दिवसाची वीज, तळ्याचा गाळ, गावातली धानगिरणी. यातले काहीही आकाशातून आणायचे नाही.

आणि वेळापत्रक तर निसर्गानेच जुळवून दिले आहे. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोर बंद असतो, आणि तेच तीन महिने धानाचे आहेत. मृगात पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकले की जुलैत रोवणी, मग निंदण, मग निसवणे. गेटवरचा माणूस शेतकरी राहू शकतो, त्याला एकाची निवड करायची गरजच नाही. फक्त त्याच्याकडे बैल किंवा ट्रॅक्टरचे भाडे असले पाहिजे, तळ्यात पाणी असले पाहिजे, आणि पिकलेला तांदूळ घेणारा माणूस असला पाहिजे.

घेणारा तर दारात आहे. आमच्या बहिणीची सून ज्या स्वयंपाकघरात काम करते तिथे तांदूळ नागपूरहून येतो, भाजी नागपूरहून येते, मासेसुद्धा बर्फात येतात. आणि गावाच्या तळ्यात ढिवरांची सोसायटी मासे पकडून सायकलवर विकते. एचएमटी तांदूळ अख्ख्या देशात खाल्ला जातो, आणि तो वाण निवडून काढला आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी, शेतात उभे राहून, लोंब्या निरखून. हातातल्या एचएमटी घड्याळावरून त्याचे नाव पडले. ते २०१८ मध्ये गेले. वाघ बघायला आलेल्या माणसाच्या ताटात त्यांचा तांदूळ पडावा, शेजारी तळ्यातला मासा आणि परसातली पालेभाजी असावी, आणि वाढणाऱ्या पोरीने ही गोष्ट त्या पाहुण्याला सांगावी. रिसॉर्टला परवानगी देतानाच खरेदीचा ठरावीक हिस्सा बफरमधल्या गावांतून घेण्याची अट ग्रामपंचायतीने आणि वनविभागाने घालावी. एकदा ही सवय लागली की गेट दोन महिने बंद पडले तरी तांदूळ विकायच्या वाटा माहीत झालेल्या असतील.

जंगलाच्या बाबतीत तर उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये त्यांनी आपला बांबू आपण विकला. आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला, आणि ते गाव बांबूवर स्वतःचा कारभार चालवते. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, म्हणून त्यांनी तेंदू तोडणेच बंद केले. येणारा पैसा सोडून दिला. असा निर्णय नोकरीवर जगणारे गाव घेऊ शकत नाही, मालक असलेले गावच घेऊ शकते. दोन्ही गावांनी हे केले ते ग्रामसभेत बसून, तासन्‌तास, एकमत होईपर्यंत.

आमच्याकडे पैसा येत नाही असे नाही. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन प्रतिष्ठान मिळाले, गेटचा महसूल तिथे जातो. २०१५ पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून गॅस आले, गावागावांत समित्या आहेत. ज्या घरांत चुलीचा धूर कमी झाला त्यांच्या बायकांना विचारा, त्या चांगलेच सांगतील. पण योजना वरून येते. काय पाहिजे ते वर ठरते, यंदा किती ते वर ठरते. गाव अर्ज करते आणि वाट बघते. मला हवा आहे तो नियम असा: गेटवर जमा होणाऱ्या रकमेतला ठरलेला हिस्सा, टक्क्यांत लिहिलेला, दरवर्षी ठरल्या तारखेला ग्रामसभेच्या खात्यात. गेट असलेल्या गावांच्याही आणि वाघ असून गेट नसलेल्या गावांच्याही. त्यातला काही भाग गेटवरच्या पोरांच्या बंद काळासाठी राखीव, म्हणजे पुन्हा कुणाला हप्त्यापायी बैल विकावे लागणार नाहीत. बाकीचा कुठे लावायचा ते गावाने ठरवावे, आणि किती जमा झाले त्याचा फलक गेटवरच लावावा, पर्यटकालाही वाचता येईल असा. असा हिस्सा मिळाला तर रास्ता रोकोच्या बैठकीत मागे बसलेल्या पोराला भीती वाटणार नाही, कारण तो पैसा त्याच्या नंबरवर अवलंबून नसेल.

हे सगळे मांडायची जागा ग्रामसभा. आणि तिथेच आमचे अडते. १ ऑक्टोबरला कोर उघडतो आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. हंगामाचा दुसरा दिवस, गांधी जयंतीची सुट्टी, गेटवर तोबा गर्दी. गेल्या वर्षी त्या सभेला अकरा माणसे होती, त्यातली सात साठीच्या पुढची. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला तर पाचच जण आले. १ मेची सभा ऐन सफारीत, २६ जानेवारीचीही तशीच. सही करायला रजिस्टर घरोघरी फिरले.

म्हणून आम्ही काही जणांनी सरपंचांकडे लेखी अर्ज दिला आहे. गेटच्या हिश्शाच्या विषयावर विशेष ग्रामसभा बोलवावी, तळ्याच्या पाळीवर, वडाखाली, आणि मंगळवारी. अर्जावर एकशे बेचाळीस सह्या आहेत. त्यातल्या एकोणतीस गेटवरच्या पोरांच्या आहेत, आणि पहिली सही "आमचा नंबर कटते" म्हणणाऱ्या त्या पोराची आहे.